नंबर लागला नाही, आता पुढे काय?

नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाच्या, सहावीच्या प्रवेशाची यादी लागली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. परीक्षेआधी आकृत्यांचा सराव कसा घ्यावा असं विचारणारे पालक आता ‘पोरगं बोलत नाही, काय करू’ असं विचारतात. सैनिकी शाळेच्या निकालाबद्दलही काही पत्रं आली आहेत. नावं आणि गावं वगळून, मजकूर थोडा आटोपशीर करून त्यातली काही इथे घेतली आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. वर्षभर नवोदयचा क्लास केला, पहाटे पाचला उठायचा. यादीत नाव नाही हे त्याला मामाच्या फोनवरून कळलं, तेही घरात पाहुणे बसलेले असताना. तीन दिवस झाले, धड जेवत नाही. विचारलं की ‘काही नाही’. सराव संच पलंगाखाली सारून ठेवलेत. आम्ही सारखं समजावतोय की त्यात काय एवढं, आपली शाळाही चांगलीच आहे. काही फरक नाही. – एक आई

आधी समजावणं थांबवा. ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य तुम्ही मायेनं म्हणताय, पण त्याच्या बाजूनं ऐकून बघा. वर्षभर याच घरानं त्याला पहाटे उठवलं, टीव्ही बंद ठेवला, मावशीच्या लग्नाला एकच दिवस नेलं, कारण परीक्षा मोठी होती. आज तेच घर म्हणतंय की ती काही मोठी नव्हती. दोन्ही खरं असू शकत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. मग तो स्वतःच अर्थ लावतो: आईबाबांना फार वाईट वाटलंय, माझ्यामुळे वाटलंय, आणि ते लपवतायत. असं ओझं डोक्यावर असलेलं मूल ‘काही नाही’ याखेरीज काय सांगणार?

त्याऐवजी घडलं ते घडलं तसं एकदा बोला. ‘तुझा नंबर लागला नाही. तू मेहनत केली होतीस, म्हणून जास्त लागलंय तुला. आम्हालाही वाईट वाटलं. पण आम्ही तुझ्यावर चिडलेलो नाही.’ चार वाक्यं पुरे. ती समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगू नका. या वयाची मुलं समोरासमोर बसवलं की मिटतात. शेंगा सोलताना, गाडीवर मागे बसलेला असताना, अंथरूण घालताना सांगा. सांगून झालं की गप्प राहा. तो काही बोलला नाही तरी चालेल. रडला तर रडू द्या. ‘मुलासारखा मुलगा असून रडतोस’ हे घरातल्या कुणीच म्हणायचं नाही, हे आजीआजोबांनाही आधी सांगून ठेवा.

काही वाक्यं पुढचे महिनाभर तोंडातून जाऊ नयेत. ‘मी सांगत होते, मोबाइल बघू नको.’ ‘क्लासची फी गेली ती गेलीच.’ ‘शेजारच्याचा कसा लागला?’ पहिलं कदाचित खरंही असेल, पण आत्ता ते ऐकून सुधारणा होत नाही, फक्त पुढच्या वेळी तो तुमच्यापासून लपवायला शिकतो. फीचं वाक्य सगळ्यांत वाईट. मुलं पैशांचा हिशेब फार मनाला लावून घेतात आणि तो कुणाला बोलून दाखवत नाहीत.

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांत लक्षातच येत नाही. वर्षभर त्याचा दिवस परीक्षेला बांधलेला होता. पहाटेचे दोन तास, संध्याकाळचा क्लास, रविवारची सराव चाचणी. यादी लागली आणि हे सगळे तास एकदम मोकळे झाले. तो उदास दिसतो ते पुष्कळदा याच मोकळ्या तासांत. लगेच दुसरा क्लास लावून ते भरू नका. उठायची वेळ पाचवरून सहावर आणा, पण नऊपर्यंत लोळू देऊ नका, कारण झोपेची वेळ बिघडली की भूक आणि चिडचिड दोन्ही बिघडतात. सकाळी मैदान, पोहणं किंवा सायकल. संध्याकाळसाठी आठ-दहा दिवसांत संपेल आणि संपल्यावर डोळ्यांना दिसेल असं हाताचं काम शोधा: सायकल खोलून साफ करून पुन्हा जोडणं, परसात वाफा करून मेथी टाकणं, जुन्या फळ्यांचं कपाट. वर्षभर जे केलं त्याचा निकाल दुसऱ्याच्या हातात होता. आता थोडे दिवस असं काही हवं की जे केलं ते लगेच उगवलेलं दिसतं.

नातेवाइकांचं काम वडिलांकडे द्या. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ: ‘या वर्षी नंबर लागला नाही. त्याला याबद्दल कुणी विचारू नये, समजावूही नये.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण विचारणाऱ्यांपेक्षा समजावणारे जास्त असतात. तरीही किराणा दुकानात, देवळात कुणीतरी विचारणारच. त्यासाठी त्याला उत्तर तयार करून द्या: ‘नाही लागला. सहावी इथेच करतोय.’ घरात दोनदा मोठ्यानं म्हणून घ्या. अशा वेळी मुलं गोंधळतात ती काय बोलावं हे ठरलेलं नसतं म्हणून.

पलंगाखालची पुस्तकं तिथेच राहू द्या. त्याला न विचारता शेजारच्या चौथीतल्या मुलीला देऊन टाकू नका. तो स्वतः काढेल किंवा ‘देऊन टाक’ म्हणेल.

साधारण आठवडा-दोन आठवड्यांत मूल सैल होतं. मग निवड झालेल्यांचा सत्कार झाला की पुन्हा दोन दिवस उतरतं, जूनमध्ये शाळा सुरू होताना आणखी एकदा. अशा लाटा येतात. प्रत्येक वेळी तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. ‘आज आठवण आली ना?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

दोन-तीन प्रश्नांनी हुकलं असं मुलगी म्हणते. पेपर पुन्हा तपासून घेता येतो का? किती गुण पडले हे कळेल का? वेटिंगमध्ये नाव येईल या आशेवर तिला ठेवावं का? – एक वडील

नवोदयच्या सहावीच्या परीक्षेत पुनर्तपासणीची सोय नाही. उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर असतात आणि निकाल संगणकावर तयार होतो. गुणपत्रिकाही हातात येत नाही. निवड झाली की नाही, एवढंच कळतं. त्यामुळे ‘दोन-तीन प्रश्नांनी हुकलं’ हे तिला किंवा क्लासच्या सरांना माहीत असण्याचा मार्ग नाही. उत्तरसूचीशी ताडून आलेला आकडा अंदाजच असतो, कारण ओएमआरवर गोल नेमका कुठे काळा केला गेला हे आता कुणी पाहू शकत नाही. आणि कट-ऑफ, म्हणजे निवडीची शेवटची गुणरेषा, म्हणून गावभर फिरणारा आकडाही सगळ्यांना एक नसतो. प्रत्येक जिल्ह्याच्या विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांगांचं आरक्षण. जिल्हा आणि प्रवर्ग बदलला की रेषा बदलते.

प्रतीक्षा यादी मात्र खरी असते. कागदपत्रं तपासताना काही मुलं अपात्र ठरतात. नेहमीची अडचण म्हणजे ग्रामीण कोट्यातून अर्ज भरलेला, पण तिसरी, चौथी, पाचवी यांतलं एखादं वर्ष शहरातल्या शाळेत. ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या यादीप्रमाणे लागतो, तिथेही काही जण अडकतात. काही मुलं सैनिकी शाळेत जातात. अशा जागा पुढच्या मुलांना मिळतात. त्या आशेवर राहायचं असेल तर चौकशी तुम्ही करा, मुलीनं नाही. रोज सकाळी मोबाइलवर यादी उघडून बघणं हे तिचं काम होऊ देऊ नका. तिला एकदाच सांगा: ‘थोडीशी शक्यता आहे, काही कळलं तर मी सांगेन.’ मनाशी तारीखही ठरवा. इथली शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले की विषय संपला. तोवर सहावीची वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळं इथल्या शाळेचंच घ्यायचं. ‘बघू, कदाचित लागणार नाहीत’ म्हणून खरेदी लांबवलेलं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी पाहुण्यासारखं बसतं.

आकड्यांचा तिच्यासाठीही एक उपयोग आहे. चौकटीच्या वहीत ८ ओळींत १० असे ८० चौकोन तिला आखायला सांगा. ‘जिल्ह्यातून एवढीच मुलं.’ मग तिच्या परीक्षा केंद्रावर किती वर्ग होते, एका वर्गात किती मुलं होती, हे तिलाच मोजू द्या. ते फक्त एक केंद्र होतं. ‘मी ढ आहे’ आणि ‘जागा फार थोड्या होत्या’ यांतला फरक तिला असा हातानं आखल्यावर कळतो. हे एकदाच करा, आणि पुढे जाऊन ‘सगळं नशीब असतं’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की तिची वर्षभराची मेहनतही नशिबातच जमा होते.

जुळी मुलं आहेत. मुलीचा नवोदयला नंबर लागला, मुलाचा नाही. तो म्हणतो, ‘ती मुलगी आहे म्हणून लागला.’ ती आनंद दाखवायलाही घाबरते. आम्ही पेढे वाटावेत की नाही, इथपासून प्रश्न आहे. – आईवडील

पेढे वाटा. तिनं मिळवलेलं दडपून ठेवलं तर दोघंही चुकीचं शिकतात: तिला वाटतं आपण काहीतरी वाईट केलं, आणि त्याला वाटतं आपण इतके दुबळे की आपल्यासाठी सगळ्यांनी कुजबुजत बोलावं. पण घरात वाटा, त्याच्या शाळेच्या दारात नको. वाटायला त्याला पाठवू नका. मित्रमंडळींचा कार्यक्रम करायचा असेल तर त्या संध्याकाळी त्याला काकांकडे जायचं असेल तर जाऊ द्या. जबरदस्तीनं हसरा फोटो काढणं टाळा.

‘मुलगी म्हणून लागला’ याला वाद घालून उत्तर देऊ नका, पण मान्यही करू नका. मुलींना एक तृतीयांश जागा राखीव आहेत हे खरं. पण दोघांचे गुण कुणालाच माहीत नाहीत, त्यामुळे ती राखीव जागेवर गेली की तशीही गेली असती, हे घरात कुणी सांगू शकत नाही. नेमकं तेवढंच त्याला सांगा, आणि हेही की हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा चालणार नाही. राग आला तर तो आमच्याकडे काढायचा. राग येऊ द्यायचा, तिचं श्रेय काढून घेऊ द्यायचं नाही, एवढी रेघ पाळली की पुरे.

जुळ्यांचा खरा कठीण भाग पुढे आहे. ती जाईल, आणि जन्मापासून शेजारी असलेलं माणूस त्याच्या खोलीतून नाहीसं होईल. त्याचं दुःख निम्मं परीक्षेचं आणि निम्मं याचं असू शकतं, पण दोन्ही सारखीच दिसतात. तिची ट्रंक भरताना त्याला एखादं काम द्या: नावाचं लेबल लावणं, कुलूप-किल्ली निवडणं. नको म्हणाला तर नको. ती गेल्यानंतरचे पहिले दोन शनिवार-रविवार तुमच्यापैकी एकानं त्याच्यासाठी मोकळे ठेवा. आणि दर फोनवर ‘ती काय म्हणाली’ याचं कौतुक जेवताना पुरवून पुरवून नको.

क्लासचे सर म्हणतात, मुलाला पुन्हा पाचवीत बसवा, पुढच्या वर्षी हमखास लागेल. शाळा बदलली की चालतं म्हणे. – एक पालक

चालत नाही. नवोदयच्या सहावीच्या परीक्षेला एकदाच बसता येतं, दुसऱ्यांदा बसलेला उमेदवार अपात्र असतो. पाचवी पुन्हा करणारा विद्यार्थीही अपात्र असतो. हे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं. शाळा बदलून किंवा जन्मतारखेत फेरफार करून ते लपवायचं म्हणजे खोटी कागदपत्रं देणं, आणि ते मुलाला माहीत असणारच. सापडलं तर प्रवेश रद्द होतो. नाही सापडलं तर तो सात वर्षं ते मनात धरून राहतो.

सैनिकी शाळेचं वेगळं आहे. तिथे सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या मध्ये असावं लागतं. वयात बसत असेल तर दुसऱ्या वर्षीही परीक्षा देता येते. पण सहावी इथे पूर्ण करून तिथे पुन्हा सहावीतच बसायचं, म्हणजे एक वर्ष मागे. शिवाय तो पेपर नवोदयचा नाही: १२५ प्रश्न, ३०० गुण, १५० मिनिटं, आणि त्यातले निम्मे गुण एकट्या गणिताचे. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते. चष्म्याचा नंबर जास्त असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा मन मोडायची वेळ येणार नाही. आमचं मत विचाराल तर मूल स्वतःहून, दोनतीनदा, न विचारता ‘मला परत द्यायची आहे’ म्हणालं, तरच हा विचार करा. सरांची हमी धरू नका. हमखास लागणारी प्रवेश परीक्षा नसते.

नवोदयला नववीतही प्रवेश मिळतो असं कळलं. मुलगी आता सहावीत जाईल. आत्तापासून तयारी सुरू करावी का? तिला धक्का बसलाय, पण पुन्हा प्रयत्न करायचा म्हणते. – एक आई

मिळतो, पण रिकाम्या झालेल्या जागांवरच. काही विद्यालयांत त्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. जिल्ह्यातल्याच शाळेत आठवीत शिकत असताना अर्ज करायचा. पेपर अडीच तासांचा, १०० गुणांचा: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. मराठी माध्यमातल्या मुलांचा घोटाळा इथे होतो. सहावीची परीक्षा मराठीत देता येते, नववीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. गणित येत असूनही ‘चक्रवृद्धि ब्याज’ किंवा ‘कंपाउंड इंटरेस्ट’ वाचून मूल अडखळतं. सैनिकी शाळेची नववीची परीक्षा तर पूर्ण इंग्रजीत असते.

म्हणून सहावी-सातवीत क्लास नको, सवयी हव्यात. गणित-विज्ञानाचे शब्द मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका वहीत: लसावि, लघुत्तम समापवर्त्य, एलसीएम. आठवड्याला दहा शब्द धरले तरी दोन वर्षांत हजाराच्या आसपास जातात, आणि तेवढे लागतही नाहीत. रोज हिंदीचं एक पान मोठ्यानं वाचणं. खरी तयारी सातवीच्या उन्हाळ्यापासून.

त्याच आठवीत एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षाही असते, आणि ही नीट समजून घ्या. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगी सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर तिला बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. ९० प्रश्न बुद्धिमत्तेचे आणि ९० शालेय विषयांचे. नवोदय किंवा केंद्रीय विद्यालयातल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, निवासी सरकारी शाळांतल्यांनाही नाही. इथल्या शाळेत राहिल्यामुळेच उघडणारं हे दार आहे. आणि बुद्धिमत्तेच्या भागात तिचा पाचवीचा सराव थेट उपयोगी पडतो. तिला आज हे सांगायची घाई नको. पण ‘सगळं वाया गेलं’ असं ती म्हणेल त्या दिवशी सांगायला ही खरी गोष्ट तुमच्याजवळ आहे.

आता तिच्या धक्क्याबद्दल. पुन्हा प्रयत्न करायचा म्हणते ते बरं लक्षण आहे, पण महिनाभर थांबा. मग ती तयार असेल तर एकदाच, एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. नवोदयच्या पेपरला ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. तपासताना चूक-बरोबर एवढंच लिहू नका. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकीचं वाचलं, वेळ पुरला नाही, किंवा गोल चुकीच्या जागी भरला. चार रकान्यांची बेरीज करा. बहुतेक घरांत इथे आश्चर्य वाटतं. ‘येतच नव्हतं’ या रकान्यात फारच थोडं निघतं आणि बाकीचं वाचनात किंवा वेळेत गेलेलं असतं. आकृत्यांच्या दहा प्रकारांपैकी आरशातली प्रतिमा आणि कागदाची घडी यांवर पाच-पाच मिनिटं अडकून राहणारी मुलं पुढच्या उताऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत. तिचं काय झालं ते तिच्याच हातात कागदावर दिसलं की ‘मला जमत नाही’ याच्या जागी ‘मी आकृत्यांवर फार वेळ घालवते’ येतं. या दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरी तिनं किती गोल मोकळे सोडले, तेही बघा. ‘चुकलं तर बाबा ओरडतील’ म्हणून मोकळं सोडणारी मुलं असतात.

नातवाचा नंबर लागला नाही आणि तो मजेत क्रिकेट खेळतोय. याला काहीच गांभीर्य नाही का? – एक आजोबा

आजोबा, खेळू द्या. काही मुलांना ते घर सोडून जायचं नव्हतंच. यादीत नाव नाही म्हटल्यावर त्यांच्या पोटातला गोळा उतरतो. काही जण दिवसा खेळतात आणि रात्री आईच्या कुशीत शिरून मनातलं विचारतात. दोन्ही ठीक आहे. वाईट तुम्हाला जास्त वाटलंय, असं पत्रावरून दिसतं, आणि तेही ठीक आहे. ते आजीजवळ बोला, त्याच्याजवळ नको.

मी पाचवीची वर्गशिक्षिका. वर्गातल्या तिघांची निवड झाली, एकोणीस बसले होते. शाळेनं चौकात फ्लेक्स लावला, सत्कारही ठरलाय. एक मुलगी निकालापासून शाळेत येत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणते. घरचे म्हणतात नाटक आहे. – एक बाई

पोटात खरंच दुखतं. मनावर ताण असला की मुलांना पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ होते, बहुधा शाळेच्या वेळेआधी, आणि सुट्टीच्या दिवशी कमी. एकदा डॉक्टरांना दाखवायला सांगा. दुसरं काही नाही हे कळलं की तिला पुन्हा शाळेत आणायची घाई योग्य आहे, कारण जितके दिवस घरी, तितकं परत येणं अवघड. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंतच. तुम्ही दारात भेटा. परीक्षेचा विषय काढू नका, ‘फळ्यावर आजची तारीख तू लिही’ असं एखादं काम द्या. आठवडाभरात पूर्ण दिवस.

फ्लेक्स आता उतरवणं कदाचित तुमच्या हातात नसेल. सत्काराचं मात्र बघता येईल. तिघांचा सत्कार जरूर करा, पण बाकीच्या सोळा जणांना समोर रांगेत बसवून नको. ‘तुम्हीही यांच्यासारखे व्हा’ हे वाक्य भाषणात नको, हे पाहुण्यांना आधी सांगा. पाहुणे ते हटकून म्हणतातच. आणि त्या सोळाही जणांना हातानं लिहिलेली एक चिठ्ठी द्या, प्रत्येकाला वेगळी. ‘छान प्रयत्न’ असं नाही, तर तुम्हाला दिसलेलं काहीतरी: ‘तू उतारा वाचताना बोट ठेवून वाचायचीस, ते मला आवडायचं.’ अर्ध्या तासात सोळा चिठ्ठ्या होतात.

घरच्यांना हे सांगा. दोन आठवड्यांच्या पुढेही झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, मैत्रिणींशी बोलणं बंद असेल, आवडीचे खेळ नको झाले असतील, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायचं. आणि ‘मी नसते तर बरं झालं असतं’, ‘मरून जावंसं वाटतं’ असं एकदा जरी बोलली, चिठ्ठीत लिहिलं, स्वतःला इजा केली, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची, तिला एकटं सोडायचं नाही, घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या. ‘तुला मरावंसं वाटतं का’ असं सरळ विचारल्यानं डोक्यात तसं भरत नाही. उलट मूल बोलायला लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक तुमच्या वर्गाच्या भिंतीवर लावा, या मुलीचं नाव न घेता.

माझ्या मैत्रिणीचा नवोदयला नंबर लागला आणि माझा नाही. ती जूनमध्ये जाणार. ती मला विसरेल का? तिच्याशी बोलावंसं वाटतं पण तिला बघितलं की रडू येतं. – पाचवीतली वाचक

तुझं पत्र आम्ही दोनदा वाचलं. रडू येतं म्हणून तू वाईट मैत्रीण होत नाहीस. तिच्यासाठी आनंद आणि स्वतःसाठी वाईट, दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. तिला तसंच सांग: ‘मला रडू येतंय, पण मी तुझ्यावर रागावले नाही.’ तिलाही बहुधा काय बोलावं हे कळत नसेल.

तिथे मुलांना स्वतःजवळ मोबाइल ठेवता येत नाही. त्यामुळे ती महिनाभर बोलली नाही तर विसरली असं समजू नकोस. पोस्टात जाऊन दहा पोस्टकार्डं आण. त्यातल्या पाचांवर तुझं नाव, पूर्ण पत्ता आणि पिनकोड तूच लिही आणि तिच्या ट्रंकेत ठेवायला दे. पत्ता लिहायचा कंटाळा येतो म्हणूनच बरीच पत्रं राहून जातात. उरलेली पाच तुझ्यासाठी. तिच्या शाळेचा पत्ता आणि तिचं हाउस, म्हणजे राहण्याचा गट, कोणतं ते तिच्या आईकडून घे, म्हणजे पत्र हरवत नाही. पहिलं पोस्टकार्ड ती गेल्यावर चार दिवसांनीच टाक. तेव्हा तिला घरची सगळ्यांत जास्त आठवण येत असेल. काय लिहायचं? वर्गात तिच्या जागेवर आता कोण बसतं, तुमच्या मांजरीला किती पिल्लं झाली, असलं सगळं.